मिरजोळ्यात बसून वाचलेलं वाळवंट

वाळवंट मी आयुष्यात पाहिलेलं नाही. उंट पाहिलाय तो गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर, पाठीवर झालर टाकून पोरांना फिरवणारा. त्याच्या अंगाला असा वास येत होता की मी दोन पावलं मागे सरकले. तरीसुद्धा समुद्रापलीकडच्या एका काळ्या, लाव्हाच्या वाळवंटातली वाटन्‌वाट मला आज डोळे मिटून सांगता येईल. कुठली वाट कुठे वळते, कुठला ओढा कुठे जिरतो, सगळं. फुशारकी वाटली तर वाटू दे. पन्नाशी उलटली माझी, आता कुठे फुशारकी मारण्याजोगं काहीतरी हाताला लागलंय.

रत्नागिरीबाहेर मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं ऑफिस आहे. एका बाजूला काजूचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बर्फाचा, आणि मधल्या शेडच्या माडीवर आम्ही नऊ जणी. जुने कागदी नकाशे स्कॅन होऊन आमच्याकडे येतात आणि त्यांच्यावरची प्रत्येक रेघ आम्ही संगणकावर गिरवतो. डोंगराची उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेघा वेगळ्या, पाण्याच्या निळ्या वेगळ्या, पायवाटांच्या काळ्या वेगळ्या. काम पुण्याच्या मुख्य ऑफिसातून येतं आणि झालं की तिकडेच जातं. तिथले साहेब तपासतात आणि पुढे गिऱ्हाइकाला पाठवतात. आम्हा नऊ जणींची मुख्य मी.

मुख्य काही उगाच नाही झाले. माझ्या वेळी आयटीआयला मुलींनी शिवणकाम घ्यायचं अशी पद्धत होती. मी नकाशाकाम घेतलं. वर्गात बावीस मुलगे आणि मी एकटी. शाईचं पेन, ट्रेसिंगचा कागद, आणि रेघ जरा जाड झाली की मास्तर ब्लेडने अख्खा कागद फाडायचे. त्या मास्तरांच्या हाताखाली मी एकही कागद फाडून न घेता वर्ष काढलं, हे मी आमच्या ऑफिसातल्या पोरींना दर महिन्याला एकदा तरी ऐकवते. त्या तोंडावर हो ताई म्हणतात आणि माझी पाठ वळली की हसतात. मला सगळं ठाऊक आहे.

तर गेल्या वर्षी माघ महिन्यात अठरा शीटं आली. कुठल्या देशाची ते सांगणार नाही, तसं लिहून दिलंय आम्ही. शंभरेक वर्षांपूर्वी कोणी मोजणीदार त्या वाळवंटात महिनोन्‌महिने हिंडले होते आणि तीन पायांच्या लाकडी घोडीवर फळा ठेवून जागच्या जागी त्यांनी तो मुलूख कागदावर उतरवला होता. आता तिकडची काही अभ्यासू मंडळी तेव्हाचा मुलूख आणि आजचा मुलूख ताडून बघणार होती. त्यासाठी त्यांना ही शीटं संगणकावर हवी होती.

पहिलं शीट उघडलं तेव्हा मला तर माहेरी आल्यासारखं झालं. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे काळ्या दगडाचं सपाट पठार. आमचाच जिल्हा की! नारळी-पोफळी नाहीत एवढंच. मी पोरींना म्हटलं, "घाबरू नका गो. सडा आहे हा. मोठा आहे, पण सडाच."

रत्नागिरीबाहेरच्या वाचकासाठी सांगते. सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर फुलं असतात, फोटो काढायला लोक येतात. उन्हाळ्यात यावं म्हणजे कळेल. मैलभर झाड नाही, मातीचा कण नाही, पाय ठेवला की भाजतो. हा कातळही मुळात ज्वालामुखीचाच, शाळेत शिकलो होतो. माझा जन्म अशाच एका सड्यावरच्या वाडीतला. त्यामुळे दगडाचा नकाशा मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटत होतं.

आता चूक सांगते. माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

आमच्या संगणकाला लोंबती रेघ चालत नाही. पाण्याची रेघ दुसऱ्या रेघेला किंवा समुद्राला जाऊन मिळाली नाही, तर तिच्या टोकाला तो लाल ठिपका देतो, म्हणजे इथे काहीतरी राहिलंय. त्या अठरा शीटांवर जवळजवळ प्रत्येक ओढ्याच्या टोकाला लाल ठिपका! डोंगरातून निळी रेघ निघायची, पठारावर यायची आणि मधेच बंद. मी पाहिलं आणि म्हटलं, जुना कागद, घड्या पडलेला, शाई उडाली असणार. ओढा असा मधेच कसा संपेल? आमच्याकडे सह्याद्रीत पडलेलं पाणी संध्याकाळच्या आत खाडीला लागतं. नदीने समुद्राला जायचं असतं, यात विचारायचं काय? मी हुकूम सोडला, "जोडा सगळ्या, न्या समुद्रापर्यंत."

आमच्यात मंडणगडची एक मुलगी आहे. दोन्ही भाऊ मुंबईला, आईवडील गावाला, आणि ही इथे खोली घेऊन राहते. बोलते कमी, पण नजर तेज. ती म्हणाली, "ताई, शाई उडालेली वाटत नाय हो. बाकी सगळं कसं ठळक आहे, मग नेमकी टोकंच कशी उडतील?"

मी तिला काय म्हणावं? म्हटलं, "तू कालची पोर, मला शाई शिकवतेस?" बिचारी रेघा जोडायला लागली. दोन आठवड्यांत आम्ही त्या वाळवंटातल्या सगळ्या नद्या समुद्राला पोचवल्या. लाल ठिपके गेले. मी स्वतःच्या हाताने अठरा शीटं पुण्याला पाठवली आणि सगळ्यांना वडापाव दिला.

दहा दिवसांनी पुण्याच्या साहेबांचा फोन. साहेब एरवी गोड बोलणारे, पण त्या दिवशी आवाज चढलेला. "ताई, गिऱ्हाइकाचं पत्र आलंय. काही शीटांवर तुमच्या नद्या डोंगर चढून पलीकडे उतरतात म्हणतात ते. आणि त्यांनी लिहिलंय की या मुलखात एकही नदी समुद्राला मिळत नाही, हे नकाशा बघणाऱ्याला कळू नये याचं आश्चर्य वाटतं."

मी कागद ओढला आणि साहेब सांगतील ते लिहून घ्यायला लागले.

"आठ दिवस देतो," साहेब म्हणाले. "आठ दिवसांत अठराही शीटं स्वच्छ करून द्या. त्यात पुन्हा काही निघालं तर मिरजोळं बंद करून काम इकडे घ्यावं लागेल. वरचे आधीच विचारतायत की एवढ्या लांब ऑफिस ठेवलंय कशाला. आणि हो, सगळ्या शीटांवर काळे डाग आहेत, बुरशीचे असतील नाहीतर माश्यांचे. तेही पुसा."

मिरजोळं बंद म्हणजे नऊ घरांत काय होतं ते मला पुण्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मंडणगडची मुलगी भावांच्या मागे मुंबईला जाणार. दापोलीची एक लग्न होऊन इथे आलेली, ती घरी बसणार. मीही बारा वर्षं मुंबईत काढून, नवऱ्याशी भांडून, इथे परत आले होते ते याच कामासाठी. रत्नागिरीत बसून मुंबई-पुण्याच्या तोडीचं काम करता येतं, हे मला दाखवायचं होतं. आणि दाखवलं काय, तर नदी डोंगरावर चढवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या जमल्यावर मी सांगून टाकलं. "चूक माझी आहे. हिने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." मंडणगडची लाजून म्हणाली, "जाऊ दे हो ताई." मी म्हटलं, "जाऊ दे नाही. यापुढे मी तुझ्यावर खेकसले तर तू माझ्यावर खेकस." बाकीच्या हसल्या आणि वातावरण थोडं हलकं झालं.

पंचाईत अशी की ते आठ दिवस नेमके शिमग्याचे. कोकणातल्या माणसाला शिमग्यात गावी जाऊ नको म्हणणं म्हणजे काय ते कोकणातल्यालाच कळेल. मुंबईचे चाकरमानी नोकरीवर लाथ मारून येतात. देवाची पालखी घरी येते, घरच्या बाईने ओटी भरायची असते. मी कोणालाच थांबा म्हटलं नाही. तोंडच नव्हतं मला. पण आठच्या आठ जणी माझ्याबरोबर थांबल्या. वाडीवाडीतून ढोल ऐकू यायचे आणि आम्ही माडीवर बसून वाळवंटातल्या नद्या खोडायचो.

खोडताना मी पहिल्यांदा तो नकाशा नीट पाहिला. आधी मी तो गिरवला होता, पाहिला नव्हता. निळ्या रेघेचं टोक स्क्रीनवर खूप मोठं करून बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की शाई उडालेली नाही. पेन उचललंय. शाई उडते तेव्हा रेघ तुटक, खरबरीत दिसते. पेन सावकाश उचललं की रेघ बारीक होत होत केसासारखी होते. आणि इथे तर शेवटी रेघेच्या तीन बारीक बटा केल्या होत्या, प्रत्येक बट अलगद संपवलेली. असं पेन उचलायला मला मास्तरांच्या हाताखाली सहा महिने लागले होते. म्हणजे त्या मोजणीदाराने ओढा कुठे जिरला ते उन्हात उभं राहून पाहिलं होतं, आणि पाहिलं तसं काढलं होतं. आणि मी मिरजोळ्यात पंख्याखाली बसून त्याला खोटं ठरवलं होतं! मला इतकी लाज वाटली की मी स्क्रीनकडे बघून "माफ कर रे बाबा" म्हणाले. बाजूच्या खुर्चीतल्या मुलीला वाटलं मी फोनवर बोलतेय.

मग साहेबांनी पुसायला सांगितलेले डाग बघायला घेतले. बारीक काळा ठिपका, आणि त्याच्या बाजूला दोन उभ्या रेघोट्या. दुसऱ्या शीटावर तसंच. तिसऱ्यावर तसंच. आता बुरशी कधी ठिपक्याच्या बाजूला मोजून दोन रेघोट्या काढते का? माशी काढते का? नकाशाच्या खाली खुणांचे अर्थ सांगणारी पट्टी असते, पण या शीटांच्या पट्ट्या कोणीतरी कापून टाकलेल्या. कुठल्यातरी भिंतीवर चौकटीत बसवायला कापल्या असतील. त्यामुळे विचारायचं कोणाला? मी एका शीटाचा कागदी छाप काढला आणि घरी नेला.

आई माझ्याकडे असते. पंच्याहत्तरीची आहे, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण डोकं माझ्यापेक्षा जागेवर. जेवणाआधी ती पडवीत सुकट निवडत बसली होती. मी कागद तिच्यापुढे पसरला.

"काय गो हां?" तिने विचारलं.

"वाळवंट आहे. काळा दगड, झाड नाही, पाणी नाही."

"मंग सडाच म्हण की."

"सडाच, पण इथले ओढे-पऱ्हे समुद्राला जात नाहीत. सड्यावर येतात आणि संपतात."

आईने सुकटीवरून नजर काढली नाही. "संपतील कशाला? पाणी काय संपतं व्हय? खाली गेलं. जिथं जिरलं तिथंच माणसं खणणार."

मग ठिपक्यावर बोट ठेवून म्हटलं, "इथे ओढा जिरतो, आणि जवळच हा ठिपका आहे. बाजूला दोन काठ्या काढल्यात उभ्या."

आता आईने चष्मा लावला आणि कागद उचलून उजेडात धरला. तिला नकाशा वाचता येत नाही, पण बराच वेळ बघितलं. "आपल्या झऱ्यावरचे दोन चिरे आठवत नाय तुला?" ती म्हणाली. "विसरलीस? मार खाल्ला व्हतास त्यावरनं."

बाप रे! एकदम सगळं डोळ्यांपुढे आलं. आमच्या वाडीला नळ यायच्या आधी सड्यावर कातळाच्या फटीत एक झरा होता. हात जाईल एवढंच तोंड. त्यावर चपट्या दगडाचं झाकण असायचं, म्हणजे ऊन लागू नये, गुराने तोंड घालू नये, कावळ्याने घाण करू नये. झाकण कातळाच्याच रंगाचं, चार पावलांवरून दिसायचं नाही. म्हणून बाजूला दोन चिरे उभे केलेले. लांबून ते चिरे दिसले की पाणी सापडलं. पाणी कोणीही घ्यावं, अगदी वाटसरूनेही, कोणी अडवायचं नाही. नियम एकच. शेवटी घागर भरेल तिने झाकण लावायचं. जी लावणार नाही तिला वाडीतल्या बायका अशा फाडून खायच्या की चार दिवस तोंड दाखवायची सोय नसे.

मी दहा वर्षांची असताना एकदा विसरले. चैत्रातली दुपार. घरी येऊन कळशी खाली ठेवली आणि आईने विचारलं, "झाकण?" आईने पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "जा. लावून ये. मंग जेव." कातळ असा तापलेला की पाऊल टेकलं की उचलावं. पायात काही नाही. मी भोकाड पसरून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोहोचेपर्यंत मला दम नव्हता. पण दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायचं होतं. आईने सांगितलं म्हणून खरं, असं पुण्याला कळवता येत नाही. मी मंडणगडच्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, "हे ठिपके पाण्याचे असतील असं मला वाटतं. खोटं पाडून दाखव."

ती तासभर शीटं चाळत राहिली. मग म्हणाली, "ताई, पायवाटा बघा."

पायवाटा तुटक काळ्या रेघांनी दाखवल्या होत्या. सपाट पठार, मधे अडचण काही नाही, तरी वाट सरळ जात नव्हती. ठिपक्याकडे वळायची, त्याला शिवायची, आणि मग पुन्हा आपल्या दिशेला लागायची. एका शीटावर तसं, दुसऱ्यावर तसं. उन्हातून चालणारा माणूस वाट वाकडी करून उगाच कुठे जात नाही. सगळे मिळून तेवीस ठिपके होते आणि त्यातल्या एकोणीस ठिकाणी वाट वळलेली. बाकीच्या चारांच्या आसपास वाटाच नव्हत्या. मी त्या पोरीच्या पाठीवर अशी थाप मारली की तिचा चष्मा खाली आला.

साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं. पेन, वाटा, ओढ्यांची टोकं. आईचं मात्र नाही सांगितलं. मग साहेब म्हणाले, "ताई, आधी तुम्ही नद्या समुद्रात नेल्यात. आता डागांतून विहिरी काढताय?"

राग असा आला म्हणता! पण बोलणं खरं होतं, गिळलं. म्हटलं, "साहेब, आधी मी नकाशात नसलेलं घातलं. आता नकाशात असलेलं पुसायला तुम्ही सांगताय. दोन्ही एकच की."

"हे परत आलं तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. एकट्या तुम्हालाच नाही, कोणालाच."

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझी एकटीची नोकरी असती तर तिथल्या तिथे सांगितलं असतं. नऊ जणींची होती.

दुपारी डबे उघडल्यावर मी विषय काढला. पुसलं तर काहीच होणार नाही, कोणाला कळणारही नाही. ठेवलं आणि चुकलं, तर ऑफिस बंद. दापोलीची म्हणाली, "पुण्याचे म्हणतात ना डाग, मग आपल्याला काय करायचंय?" ते चूक नव्हतं. घर आहे तिला, दोन मुलं आहेत. मग मंडणगडची डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आमच्याकडे अजून मे महिन्यात पाण्यासाठी डोंगर उतरतात, ताई. आई उतरते माझी. मी नाय पुसणार. तुमी दुसऱ्या कोणाला सांगा."

दुसरं कोणीच पुढे आलं नाही. शेवटी दापोलीचीच म्हणाली, "मरू दे. ठेवा. बघू काय होतं."

आम्ही ते तेवीस ठिपके वेगळ्या थरात ठेवले, म्हणजे गिऱ्हाइकाला नको असतील तर एका क्लिकने काढता यावेत. खाली टीप लिहिली की ही पाण्याची ठिकाणं असावीत, कारणं अमुक अमुक, आणि चूक असल्यास जबाबदारी माझी. माझं नाव घातलं. पालखी आमच्या घरी येऊन गेली त्या संध्याकाळी शीटं पुण्याला गेली. घरी ओटी आईने भरली होती.

पुढचा दीड महिना कसा गेला ते विचारू नका. पाडवा आला नि गेला. पुण्याहून नवं काम नाही. बर्फाच्या कारखान्यातल्या कोणीतरी येऊन विचारलं, "माडी रिकामी होतेय म्हणे?" मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला. मंडणगडचीने मुंबईत भावाला एक फोन केल्याचं मला कळलं होतं. रोज सकाळी कुलूप उघडलं की मी आधी मेल बघायचे.

आणि मग एका दुपारी साहेबांचा फोन. "ताई, मेल बघा," एवढंच. आवाजावरून काही कळेना.

मेल उघडला. तिकडच्या मंडळींनी लिहिलं होतं की टीप वाचून त्यांना आधी हसू आलं. मग जीप काढून ते त्यातल्या पाच ठिकाणी जाऊन आले. दोन जागा वाळूने बुजल्यात. एकीचं नुसतं भोक उरलंय. दोन ठिकाणी पाणी आहे, आजही, आणि धनगर तिथे येतात. आजच्या कुठल्याच नकाशावर ती ठिकाणं नाहीत. त्या मालिकेतली राहिलेली सगळी शीटं याच ऑफिसात आणि याच माणसांकडून व्हावीत, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. "याच माणसांकडून" हे दोनदा वाचलं. मंडणगडची मुलगी उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि रडायला लागली. मीही रडले, लपवत कशाला? दापोलीची म्हणाली, "ताई, वडापाव नको हां आज. मागचा वडापाव भोवला होता." मग सगळ्या बाजारात जाऊन आइस्क्रीम खाऊन आलो. साहेबांनी पुन्हा फोन करून म्हटलं, "मानलं बुवा रत्नागिरीला." मी म्हटलं, "मानायलाच पाहिजे होतं साहेब, जरा उशीर केलात." एवढं बोलायचा हक्क होता मला त्या दिवशी.

मेलबरोबर एक फोटो होता. घरी गेल्या गेल्या मी तो आईला मोबाइलवर दाखवला. क्षितिजापर्यंत काळा दगड, मधे दोन उभे दगड, त्यांच्या पुढ्यात कातळातलं एक भोक आणि आत चमकणारं पाणी. टोपी घातलेला एक माणूस बाजूला हसत उभा.

आईने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "पाणी हाय गो," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. मग एकदम कपाळाला आठी. "आणि झाकण? ह्ये बाजूला पडलंय ते झाकण ना?"

"फोटोसाठी काढलं असेल."

"ते कळतंय मला. परत लावलंनी काय ते इचार."

"आई, ती मोठी शिकलेली माणसं आहेत."

"म्हणूनच इचार."

आता काय करणार? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की फोटोबद्दल आभार, माझी आई विचारतेय की झाकण परत लावलं का. पाठवलं आणि वाटलं, आता हे लोक आपल्याला वेड्यात काढणार.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वाट दाखवायला तिथल्या वस्तीतली एक म्हातारी बरोबर आली होती. फोटो काढून झाल्यावर हे सगळे जीपकडे निघाले, तर ती दार अडवून उभी राहिली. बोलणं कोणाला कळेना. शेवटी एकाच्या लक्षात आलं, तो मागे जाऊन झाकण लावून आला, तेव्हा कुठे तिने त्यांना गाडीत बसू दिलं.

मी आईला ते वाचून दाखवलं. ती खुदकन हसली. "शाणी बाई," म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला परत धाडली व्हती तेव्हा तू केवढी रडत गेली व्हतीस."

"रडत गेले," मी म्हटलं, "पण लावून आले की नाही?"

"आलीस," आई म्हणाली. "आलीस ना."